‘खूप’ला जपानीत नेमका शब्द कोणता? जिशो, तातोएबा आणि एनएलबी यांची झाडाझडती

जपानी शिकणाऱ्याच्या वहीत एन-५ला (जेएलपीटी या जपानी भाषा-परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी, एन-१ सगळ्यात अवघड) ‘तोतेमो’ येतो आणि एन-३पर्यंत त्याच्याभोवती मोठा गोतावळा जमतो: सुगोकु, ताइहेन, हिजोऽनि, कानारी, केक्कोऽ, दाइबु, झुइबुन, नाकानाका, सोऽतोऽ, वारितो. वहीत मात्र सगळ्यांपुढे अर्थ एकच लिहिलेला असतो, ‘खूप’ नाहीतर ‘बराच’. परीक्षेत चार पर्यायांत यांतलेच तीन शेजारी शेजारी आले की पंचाईत होते, आणि जपानी क्लायंटला मेल लिहायची वेळ आली की त्याहून मोठी. या कामासाठी फुकट मिळणारी तीन ऑनलाइन साधनं इथे तपासली आहेत. जिशो हा शब्दकोश, तातोएबा हा वाक्यांचा साठा आणि एनएलबी हा शब्दांच्या जोड्या दाखवणारा शोध. निकाल आधीच सांगायचा तर अर्थ कळायला जिशो, शब्द निवडायला एनएलबी. तातोएबा गाळून घेतला तरच उपयोगाचा. आणि काही शब्द असे आहेत की तिथे तिघंही हात टेकतात.

(खाली जपानी शब्द देवनागरीत दिलेत आणि ‘ऽ’ म्हणजे लांबवलेला स्वर. शोधताना अर्थातच हिरागाना ही उच्चारांची लिपी किंवा कांजी, म्हणजे चिनी मुळाची शब्दचिन्हं, टाका.)

जिशोपासून सुरुवात करू, कारण तो बहुतेकांच्या फोनमध्ये उघडाच असतो. शब्दकोश म्हणून तो झकास आहे. ‘ताबेसासेरारेता’सारखं शेपूट लागलेलं क्रियापद टाकलं तरी मूळ रूप शोधून देतो. कांजीचं वाचन येत नसेल तर तिचे अवयव निवडून किंवा बोटाने चितारून ती सापडते. आतला शब्दसाठा जेएमडिक्ट या जपानी-इंग्रजी कोशाचा. जिम ब्रीन यांनी १९९१ साली सुरू केलेला हा प्रकल्प आज कितीतरी जपानी शब्दकोश-अ‍ॅपच्या पोटात आहे, त्यामुळे अ‍ॅप बदललं की अर्थ जास्त स्पष्ट होतील अशी आशा धरू नका. शब्दापुढे एन-३, एन-२ अशी जी चिठ्ठी दिसते तीही अधिकृत समजू नका. २०१० मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं, तेव्हापासून आयोजक शब्दांच्या याद्या प्रसिद्धच करत नाहीत.

अडचण सुरू होते ती निवड करताना. कानारी, दाइबु आणि सोऽतोऽ एकापाठोपाठ उघडून पाहा. तिन्हींत ‘कन्सिडरेबली’ हा इंग्रजी शब्द भेटेल. आपण मनातल्या मनात त्याचं ‘बराच’ करतो आणि तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकायला मोकळे होतो. दोन भाषांच्या चाळणीतून गेल्यावर जो फरक महत्त्वाचा होता तोच खाली सांडलेला असतो. जिशोचा हा दोष नाही, इंग्रजी प्रतिशब्द देणाऱ्या कुठल्याही कोशात हेच होणार. शिवाय असा कोश पाहून आपण या शब्दांची शिडी करायला जातो, म्हणजे चोत्तो खाली, कानारी मध्ये, हिजोऽनि वर. शिडी थोडीफार खरी आहे. पण चुका होतात त्या पायरी चुकल्यामुळे फार क्वचित. शब्द कशाला चिकटतो, तुलनेत चालतो का, बदल सांगतो की स्थिती आणि बोलणाऱ्याची अपेक्षा काय होती, इथे गाडी घसरते.

मराठीभाषकाची गाडी तर दोन ठिकाणी हमखास घसरते, कारण आपला ‘खूप’ कुठेही चालतो. खूप चांगलं, खूप खाल्लं, खूप पुस्तकं, त्यापेक्षा खूप मोठं, चारही ठिकाणी एकच शब्द. जपानीत यांच्या वाटा वेगळ्या. ‘खूप चांगलं’ला तोतेमो ठीक. ‘खूप खाल्लं’ आणि ‘खूप पुस्तकं’ ही मात्रा झाली, तिथे ताकुसान. ‘तोतेमो ताबेमाशिता’ म्हटलं की जपानी माणूस वाक्य पुरं व्हायची वाट पाहत राहतो. (‘तोतेमो त्सुकारेमाशिता’ मात्र चालतं, कारण थकण्याला तीव्रता असते, खाण्याला प्रमाण.) कानारी आणि केक्कोऽ दोन्हीकडे चालतात, म्हणून अडल्यावेळी ‘कानारी ताबेमाशिता’ म्हणून वेळ निभावून नेता येते. चौथं वाक्य सगळ्यात घातक. ‘ए योरी बी नो होऽ गा’ (ए-पेक्षा बी) अशी तुलना सुरू केली की पुढे तोतेमोही नको आणि हिजोऽनिही नको. ‘बी नो होऽ गा झुत्तो ओऽकीई’ म्हणा, किंवा कानारी, दाइबु, चोत्तो. लेखी मजकूर असेल तर हारुकानि. मोत्तोही तुलनेत चालतो, पण त्यात ‘ए सुद्धा मोठंच आहे, बी आणखी मोठं’ असं गृहीत असतं. झुत्तोमध्ये तसं काही नाही, ए चिमुकलं असलं तरी हरकत नाही. यातलं काहीही जिशोच्या तोतेमोच्या नोंदीत वाचून कळत नाही.

एक गोष्ट मात्र जिशो नीट करतो. नाकानाकाचा नकारार्थी वापर तो वेगळा दाखवतो. ‘बासु गा नाकानाका कोनाइ’, म्हणजे बस काही केल्या येत नाही. हाच शब्द होकारात ‘चांगलाच’च्या जवळ जातो. तोतेमोलाही असा नकारी चेहरा आहे. ‘तोतेमो ताबेरारेनाइ’ म्हणजे ‘हे खाणं काही शक्य नाही’. म्हणून ‘फारसं चविष्ट नाही’ म्हणायचं असेल तर ‘तोतेमो ओइशिकुनाइ’ लिहू नका, ‘अमारी ओइशिकुनाइ’ लिहा.

तातोएबावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. जिशोतल्या उदाहरणांचा उगमही तिथलाच आहे. त्यातल्या जपानी वाक्यांचा मोठा हिस्सा तानाका कॉर्पस नावाच्या जुन्या संग्रहातून आला, आणि तो संग्रह जपानमधल्या विद्यार्थ्यांकडून जमवलेल्या इंग्रजी-जपानी जोड्यांचा होता. त्यात व्याकरण बरोबर पण कोणी कधी बोलणार नाही अशी वाक्यं भरपूर आहेत. नेमक्या आपल्या विषयात हे भोवतं, कारण इंग्रजी ‘व्हेरी’ दिसला की शेजारी आपोआप तोतेमो किंवा हिजोऽनि बसवलेला सापडतो. उपाय साधा आहे. प्रगत शोधात जाऊन वाक्याचा मालक मूळ जपानीभाषक असावा ही अट लावा आणि बेवारस वाक्यं वगळा. साठा एकदम आटतो, पण जे उरतं त्यावर भरवसा ठेवता येतो. हे न करता तातोएबावर किती वाक्यं सापडली ते मोजून निष्कर्ष काढणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

आता एनएलबी. टोकियो महानगरातल्या ताचिकावा इथल्या राष्ट्रीय जपानी भाषा व भाषाविज्ञान संस्थेने २०११ मध्ये समकालीन लेखी जपानीचा एक समतोल कॉर्पस, म्हणजे खऱ्या मजकुरांचा शोधता येणारा साठा, पुरा केला. पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रं, सरकारी श्वेतपत्रिका, संसदेची कामकाज-नोंद, ब्लॉग, प्रश्नोत्तरांची संकेतस्थळं असं सगळं मिळून १० कोटी ४३ लाख शब्द. एनएलबी हे त्या साठ्यात शिरायचं एक दार. ते संस्थेने लागो भाषा-संशोधन संस्थेबरोबर तयार केलं. नोंदणी नाही, पैसे नाहीत.

वापरायची पद्धत अशी. मुख्य पानावर शब्द हिरागानात टाका आणि यादीतून ज्याच्यापुढे ‘फुकुशि’, म्हणजे क्रियाविशेषण, असं लिहिलंय ती नोंद निवडा. डाव्या खणात व्याकरणाचे साचे दिसतात, क्रियाविशेषण अधिक क्रियापद, क्रियाविशेषण अधिक विशेषण वगैरे. एक साचा दाबला की मधल्या खणात जोडीदार शब्दांची यादी येते, प्रत्येकापुढे वारंवारिता आणि जोडी किती घट्ट आहे हे मोजणारे दोन सांख्यिकी आकडे, एमआय आणि लॉगडाइस. जोडीदारावर टिचकी मारली की उजव्या खणात खरी वाक्यं, स्रोतासकट. दोन शब्द शेजारी ठेवून तुलना करायचीही सोय आहे, आणि आपल्या कामात सगळ्यात जास्त वापरायची ती हीच.

दाइबु आणि कानारी शेजारी ठेवून बघा. दाइबुच्या क्रियापदांत काय दिसतं? कावारु (बदलणं), चिगाउ (वेगळं असणं), नारेरु (सरावणं), ओचित्सुकु (निवळणं, शांत होणं), हेरु (घटणं). म्हणजे कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचल्याची खूण, नाहीतर दोन गोष्टींतलं अंतर. म्हणूनच आजारातून उठलेला माणूस ‘दाइबु योकु नारिमाशिता’ (आता बरंच बरं आहे) म्हणतो, आणि जपानला येऊन सहा महिने झालेला ‘निहोन नो सेइकात्सु नि दाइबु नारेमाशिता’ (जपानमधल्या जगण्याला बराच सरावलो) म्हणतो. उलट ‘फुजिसान वा दाइबु उत्सुकुशिई’ (फुजी पर्वत बराच सुंदर आहे) विचित्र वाटतं, कारण फुजीच्या सौंदर्यात कालपासून काही फरक पडलेला नाही. कानारीकडे विशेषणांची रीघ आहे, ताकाइ (उंच, महाग), ओऽइ (पुष्कळ), मुझुकाशिई (अवघड). मागे-पुढे कशाशी तुलना नसतानाही तो सरळ उभा राहतो, आणि ‘कानारी नो काझु’सारखा (बरीच संख्या) ‘नो’ लावून नामालाही चिकटतो. परीक्षेतल्या निम्म्या गाळलेल्या जागा या एका तुलनेतून सुटाव्यात.

काही ठिकाणी हे साधन फसवतं. पहिली गोष्ट, यादी एमआयने लावू नका. एमआय दुर्मीळ जोड्यांना डोक्यावर चढवतं. एखादा अनवट शब्द अख्ख्या साठ्यात दोनदाच आला आणि दोन्ही वेळा कानारीजवळ आला, तर तो यादीत वर जाऊन बसतो आणि आपल्याला वाटतं हीच पक्की जोडी. आधी वारंवारितेने लावा, मग लॉगडाइसने ताडून पाहा, आणि वारंवारिता दहाच्या आत असेल तर तिच्यावरून काहीच ठरवू नका. दुसरी गोष्ट, एकाच अक्षररूपात लपलेले दोन शब्द. केक्कोऽ हा ‘बऱ्यापैकी’ही आहे आणि ‘नको, पुरे’ सांगणारा ‘केक्कोऽ देसु’ही. सोऽतोऽ हा ‘बराच’ही आणि ‘तितक्या तोडीचा’ही. दाइबु कांजीत लिहिला की तीच अक्षरं क्यूशूतल्या ओइता प्रांताचं नाव होतात. शब्दप्रकार पाहून नोंद निवडली तर यातला बराच गोंधळ टळतो, साध्या अक्षरशोधात टळत नाही. तिसरी गोष्ट वयाची. या साठ्यातली पुस्तकं २००५ पर्यंतची आणि ब्लॉग २००८ चे आहेत. मेच्चा, चोऽ, याबाइ या तरुण मंडळींच्या शब्दांचा आजचा वापर इथे शोधू नका. त्यासाठी एनएलटी हे जुळं भावंड बरं. मांडणी तीच, पण आत त्सुकुबा विद्यापीठाने वेबवरून गोळा केलेले सुमारे ११० कोटी शब्द. त्यात समतोल साधलेला नाही, जाहिरातींची भाषा भरपूर आहे, त्यामुळे तिथला आकडा मोठा म्हणून जास्त खरा असं धरू नका.

इंटरफेसबद्दल दोन शब्द. वाक्यांना फुरिगाना (कांजीचं वाचन दाखवणारी बारीक अक्षरं) नाही, भाषांतर नाही. एन-३च्या खालच्या विद्यार्थ्याला उजवा खण म्हणजे भिंत वाटेल. तीन खणांची मांडणी फोनवर दाटीवाटीची होते, लॅपटॉपवरच बसा.

आणि जिथे जोड्या बरोबर असूनही माणूस दुखावतो, तिथे एनएलबी गप्प असतो. जपानी यजमानीणबाईंनी वाढलेल्या जेवणावर ‘केक्कोऽ ओइशीई देसु ने’ म्हणा. व्याकरण निर्दोष, जोडी साठ्यात सापडणारी, आणि तरी वाक्य वाईट. केक्कोऽमध्ये ‘वाटलं होतं त्यापेक्षा बरं’ हा भाव असतो. आपल्याकडे काकूंना ‘जेवण बऱ्यापैकी झालंय हं’ म्हटलं तर जे होईल तेच. नाकानाकाचं दुखणं वेगळं. तो वरून खाली गुण देतो. बरोबरीच्या मित्राला ‘नाकानाका जोऽझु दा ने’ चालेल, सेन्सेइंना, म्हणजे शिक्षकांना, ‘नाकानाका ओजोऽझु देसु ने’ (चांगलंच जमतं की तुम्हाला) म्हणजे विद्यार्थ्याने परीक्षकाच्या खुर्चीत बसणं. वडीलधाऱ्यांसमोर कौशल्याचं मोजमाप करायच्या फंदात न पडता ‘ताइहेन बेन्क्योऽ नि नारिमाशिता’, फार शिकायला मिळालं, असं म्हणून मोकळं व्हावं. झुइबुनमध्ये आश्चर्य असतं. मित्राच्या मुलाला वर्षांनी पाहून ‘झुइबुन ओऽकिकु नात्ता ने’ (केवढा मोठा झालास!) अगदी गोड, पण उशिरा आलेल्याला ‘झुइबुन ओसोइ देसु ने’ (फारच उशीर झाला की) म्हणजे टोमणा. स्वतःच्या निश्चयाला तो चालतच नाही. ‘उद्यापासून खूप अभ्यास करीन’ला मोत्तो लावा. सोऽतोऽ बहुतेकदा अंदाजाबरोबर येतो, ‘सोऽतोऽ त्सुकारेतेइरु योऽ देसु’, पार दमलेला दिसतोय. हे सगळं उजव्या खणातली वीस-पंचवीस वाक्यं संदर्भासकट वाचली तरच ध्यानात येतं. मधल्या खणातला आकडा कोण कोणाला म्हणालं हे सांगत नाही.

चोत्तोच्या बाबतीत तर तिन्ही साधनं जवळपास निकामी. जिशो ‘थोडं’ सांगतो आणि ते खरंही आहे. पण ‘सोनो हि वा चोत्तो...’ (त्या दिवशी जरा...) एवढंच बोलून समोरचा थांबला तर त्याने नकार दिलेला असतो, पुढचं वाक्य येणार नाही. आपणही ‘जरा कामात आहे’ म्हणतोच, पण आपण वाक्य पुरं करतो. मीटिंगमध्ये ‘चोत्तो मुझुकाशिई देसु ने’ ऐकून ‘थोडंच अवघड आहे ना, मग करू’ असं समजणाऱ्याची फजिती ठरलेली. त्यात ‘चोत्तो युऽमेइना मिसे’ म्हणजे थोडं प्रसिद्ध नव्हे, चांगलं नाव असलेलं दुकान. यासाठी बोली भाषेचा साठा हवा. एनएलबीमागच्या त्याच राष्ट्रीय भाषा संस्थेने रोजच्या संभाषणांचा २०० तासांचा कॉर्पस २०२२ मध्ये पुरा केला आहे. चुऽनागोन या तिच्या शोधप्रणालीतून त्यात जाता येतं, पण त्याला नोंदणी लागते आणि शोधाची भाषा शिकावी लागते. एन-२च्या पुढचं काम.

पुण्यात तांत्रिक भाषांतर करणाऱ्यांसाठी चौथं एक साधन सुचवावंसं वाटतं, शब्दकोश नसूनही. जपानच्या हवामान खात्याची शब्दावली. तिथे तीव्रतेच्या शब्दांना आकडेच बांधलेले आहेत. तासाला १० ते २० मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘याया त्सुयोइ आमे’ (थोडा जोराचा पाऊस), २० ते ३० ‘त्सुयोइ’, ३० ते ५० ‘हागेशिई’, ५० ते ८० ‘हिजोऽनि हागेशिई’, आणि ८० च्या वर ‘मोऽरेत्सुना आमे’. म्हणजे इथे हिजोऽनि सगळ्यात वरचा नाही, त्याच्याही डोक्यावर मोऽरेत्सु बसलाय. वाऱ्याचं बघा. सरासरी वेग सेकंदाला २० ते ३० मीटर झाला की ‘हिजोऽनि त्सुयोइ काझे’. पण ‘हिजोऽनि त्सुयोइ ताइफूऽ’ (चक्रीवादळ) व्हायला केंद्राजवळचा कमाल वेग ४४ मीटर हवा, आणि ५४ च्या पुढे ‘मोऽरेत्सुना ताइफूऽ’. क्रियाविशेषण तेच, आकडा दुपटीच्या घरात, कारण माप नामाबरोबर बदललं. भाषांतर करताना अशा ठिकाणी ‘हिजोऽनि’ला ‘अतिशय’ आणि ‘मोऽरेत्सु’ला ‘खूपच’ असं मनाने लावलं तर मूळ दस्तऐवजातली श्रेणीच मोडते. एक शब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

हाच नियम अहवालांना. याया, जाक्कान (दोन्ही ‘थोडंसं’), हिजोऽनि, किवामेते (अत्यंत) हे लेखी भाषेचे शब्द, सुगोकु आणि मेच्चा तोंडी भाषेचे. ‘सुगोइ ओइशीई’ असं विशेषणच क्रियाविशेषणासारखं वापरणं बोलताना सर्रास ऐकू येतं, पण मेलमध्ये ते खपणार नाही. माफी मागताना ‘ताइहेन मोऽशिवाके गोझाइमासेन’ किंवा ‘माकोतोनि’ हे ठरलेले साचे आहेत, तिथे तोतेमो घालून नावीन्य दाखवू नये.

गुण द्यायचेच तर या एका कामासाठी जिशोला पाचपैकी अडीच, तातोएबाला दीड (गाळणी लावली तर अडीच), एनएलबीला चार. एनएलबीचा एक गुण कापला तो आडव्यातिडव्या खणांसाठी आणि नवख्याला कुठलाच हात न देण्यासाठी. एन-४ आणि त्याखालच्यांनी सध्या तोतेमो, ताकुसान, चोत्तो, अमारी, झुत्तो आणि मोत्तो एवढ्या सहांवर काम भागवावं, उरलेल्यांची घाई नाही. एन-३च्या विद्यार्थ्याने एनएलबीत दाइबु-कानारी, मग झुइबुन-सोऽतोऽ, मग केक्कोऽ-वारितो अशा जोड्या या क्रमाने घ्याव्यात. नाकानाका शेवटी, कारण त्याची होकारी आणि नकारी वाक्यं वेगळी काढत बसावं लागतं.